शिकवायचे कुठे? नांदे, कोळवण आणि विशेष शिक्षणाची आठ दशके

महाराष्ट्रात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे शिक्षण सुरू झाले ते मुलांना माणसांच्या वर्दळीतून बाजूला काढून. मुंबई प्रांताचा बालक कायदा १९२४चा. त्या कायद्याखाली येणाऱ्या मुलांसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि तिने १९४१ मध्ये मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी वेगळे गृह काढले. पुढे १९४४ मध्ये जय वकील यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत शाळा सुरू केली. ही शाळा आज शिवडीला आहे आणि देशातल्या जुन्या विशेष शाळांत तिची गणना होते. त्याआधी अशा मुलांसाठी काय होते? १९१२चा वेडेपणाचा कायदा मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षमता असलेला माणूस यांना एकाच व्याख्येत कोंबत असे. घरच्यांना झेपेनासे झालेले मूल येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात जाणे हाच कायद्याने दाखवलेला मार्ग होता. त्या मानाने स्वतंत्र इमारत, स्वतंत्र शिक्षक आणि ‘हे मूल शिकू शकते’ हा विश्वास ही फार मोठी मजल होती. तरीही त्या इमारतीबरोबर एक समजूत पक्की झाली, आणि ती आजही पुरती सुटलेली नाही. आधी मुलाला आत नेऊन तयार करायचे आणि मग तयार मूल बाहेर सोडायचे, अशी ती समजूत. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याकडे पाहिले तर ही समजूत कुठे तोकडी पडते ते नीट दिसते. माझे म्हणणे असे की जीवनकौशल्यांच्या बाबतीत जागा हा निम्मा शिक्षक असतो, आणि तो वगळून दिलेले शिक्षण अर्धेच राहते.

हे आपल्याकडच्या मोजमापाच्या साधनांत फार पूर्वीच लिहिलेले होते. १९३०च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे कानडी आणि मराठी रूप तयार केले. त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले. या कसोटीने मराठी मुलाचा बुद्ध्यंक मराठीत काढता येऊ लागला आणि पुढची कित्येक दशके प्रमाणपत्रांचा आधार तीच राहिली. मात्र ही कसोटी टेबलापाशी बसून घ्यायची असते: मुलाला काय समजते, काय आठवते, काय जुळवता येते. दुसरे साधन नागपूरचे. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करणारे फादर ए. जे. मलिन यांनी अमेरिकेतल्या व्हाइनलँड इथे एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूप केले. ही श्रेणी मुलाला प्रश्नच विचारत नाही. आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारते: मूल आपल्या हाताने जेवते का, कपडे घालते का, घराबाहेर एकटे जाते का, किरकोळ खरेदी करते का, गावात बिनधास्त फिरते का. यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही वर्गात बसून देता येणार नाहीत. दोन्ही साधने शेजारी शेजारी वापरली गेली, पण अनुदान, प्रवेश आणि प्रमाणपत्र या सगळ्यांवर वजन पहिल्याचे पडले. दुसरे साधन जे विचारत होते ते शिकवायला गाव, दुकान आणि रस्ता लागतो, आणि शाळेच्या मान्यतेच्या तपासणीत त्या तिन्हींचा रकाना नसतो.

पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ सुरू केली आणि नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’. या दोन्ही संस्थांनी आणि त्यांच्या पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या शाळांनी घराघरांत कोंडलेली मुले बाहेर आणली, आणि शाळेला कार्यशाळेची जोड दिली. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, द्रोण, फिनेल, रंगवलेल्या पणत्या: दिवाळीच्या आधी शहरात भरणाऱ्या प्रदर्शनांतून हा माल आपण सगळ्यांनी घेतला आहे. शिकवण्याची पद्धतही या काळात बारकाईने घडली. मद्रासमध्ये तयार झालेल्या विकास-आराखड्यात १८ क्षेत्रांत मिळून ३६० कौशल्ये सोप्याकडून अवघडाकडे लावलेली होती, आणि देशभरातल्या विशेष शिक्षकांनी तो आराखडा वापरला. शर्ट घालायला शिकवताना बाही, गळा, बटणे असे तुकडे पाडायचे; बाकीचे शिक्षकाने करून फक्त शेवटचे बटण मुलाला लावू द्यायचे, मग शेवटची दोन, मग तीन. म्हणजे रोज काम पुरे झाल्याचा आनंद मुलाच्याच वाट्याला येतो. ही कारागिरी अस्सल आहे आणि सर्वसाधारण शाळांनी ती शिकून घ्यावी इतकी मोलाची आहे.

अडचण शर्टाची नव्हती, दुकानाची होती. वर्गात टेबलावर डबे मांडून, प्लास्टिकची नाणी देऊन खरेदी शिकवता येते, आणि मूल ती चोख करूनही दाखवते. खऱ्या किराणा दुकानात शिरल्यावर मात्र आपला नंबर कधी आला हे कोणी सांगत नाही. दुकानदार मान वर न करता ‘काय देऊ?’ म्हणतो. मागचा माणूस खांद्यावरून हात लांबवून आपली चिल्लर पुढे सरकवतो. हवा तो पुडा संपलेला असतो आणि ‘दुसरा चालेल का?’ असा वर्गात कधीच न आलेला प्रश्न येतो. एक रुपया सुट्टा नाही म्हणून हातावर चॉकलेट पडते, आणि उरलेले पैसे मोजून घ्यायला शिकलेले मूल तिथेच अडते, कारण हिशेब जुळत नाही. हे त्या मुलाचे अपयश मानले गेले. संशोधकांनी ते पद्धतीचे अपयश मानले. स्टोक्स आणि बेअर या दोघांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की एका जागी शिकवलेले दुसऱ्या जागी आपोआप वापरले जाईल ही शिक्षकांची निव्वळ आशा असते, त्यासाठी वेगळे शिकवावे लागते. त्याच्या आदल्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये लू ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी सरळ कसोटी मांडली होती: प्रौढ वयात ज्या जागी हे काम करायचे आहे त्या जागी मूल ते करू शकते का, एवढेच पाहा. शिक्षक आधी मुलाबरोबर गल्ल्यापाशी उभा राहील, मग दाराशी, मग रस्त्याच्या पलीकडे, आणि मग जाणारच नाही. मदत अशी पायरीपायरीने मागे घ्यायची. पण हे करायचे तर दुकान खरे हवे, दुकानदारही खरा हवा, आणि त्यालाही थोडे शिकवावे लागते: घाई करू नका, मुलाच्या मुठीतून पैसे स्वतःच उचलून घेऊ नका, सोबत आलेल्याशी न बोलता त्याच्याशी बोला.

ही गोष्ट आपल्याला परकी नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे काम केले त्याचा गाभाच हा होता की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात जावे. आदिवासी पाड्यांवरच्या बालकांसाठी जे सुचले ते विशेष शिक्षणाला सुचायला अर्धे शतक लागले. याचे कारण मला असे दिसते की आपल्याकडचे विशेष शिक्षण शहरात, मध्यमवर्गीय पालकांच्या धडपडीतून उभे राहिले. त्या पालकांना सगळ्यात आधी हवी होती ती चेष्टा करणाऱ्या नजरांपासून सुरक्षित जागा. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ या नाटकाने आणि १९९१च्या ‘चौकट राजा’ या चित्रपटाने मराठी प्रेक्षकांना या घरांच्या आत नेले, आणि दोन्हींमधली वेदना एकच होती: आमच्यानंतर याचे कोण? त्या प्रश्नाचे पहिले उत्तर भिंत हेच सुचणे स्वाभाविक होते.

मुळशीतले उत्तर वेगळे निघाले. पुण्याहून पौड रस्त्याने भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकून पौडच्या पुढे कोळवणच्या खोऱ्यात गेले की ‘साधना व्हिलेज’ लागते. १९९०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालेली ही प्रौढ विशेष व्यक्तींची निवासी वस्ती. तिची प्रेरणा कॅम्पहिल चळवळीची. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ कार्ल क्योनिग नाझी राजवटीतून निसटून स्कॉटलंडमध्ये आले आणि १९४० मध्ये अॅबर्डीनजवळच्या कॅम्पहिल नावाच्या घरात त्यांनी मुलांबरोबर राहायला सुरुवात केली. १९५५ मध्ये यॉर्कशरच्या बॉटनमध्ये प्रौढांसाठी पहिले गाव उभे राहिले. कॅम्पहिलच्या कल्पनेत शिकवणारा आणि शिकणारा एका घरात राहतात, एका ताटावर जेवतात, आणि काम हे उपचार म्हणून नव्हे तर घर चालायला हवे म्हणून केले जाते. कोळवणला ती कल्पना आली तेव्हा वसतिगृहाऐवजी घरे झाली. कामे घरातली, बागेतली आणि हातमागावरची, आणि तिथल्या रहिवाशांना विद्यार्थी किंवा रुग्ण न म्हणता विशेष मित्र म्हटले जाऊ लागले. माझ्या युक्तिवादाला त्याहून महत्त्वाची वाटणारी बाब वेगळी आहे. या संस्थेने आपल्या कुंपणाबाहेरच्या गावांत ग्रामविकासाचे, बचतगटांचे, बायकांचे कामही हाती घेतले. वरवर पाहता हा विषय सोडून केलेला विस्तार वाटेल. पण ज्या गावात आपल्या माणसांना वावरायचे आहे त्या गावाशी देण्याघेण्याचे नाते नसेल तर ‘समाजात शिकवणे’ म्हणजे महिन्यातून एकदा रांगेने काढलेली सहल होते. बचतगटाच्या बैठकीला येणारी बाई रस्त्यात भेटलेल्या विशेष मित्राला नावाने हाक मारते, तेव्हा त्याला रस्ता ओलांडायला शिकवणाऱ्यांत एकाची भर पडलेली असते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मग जुने गावच काय वाईट होते? शाळा निघाली नव्हती तेव्हा अशी मुले गावातच होती, शेतावर होती, गुरांमागे होती. तेच खरे समाजातले शिक्षण नव्हे का? यात तथ्य आहे. मुळशी हा भाताचा मुलूख. आषाढातल्या लावणीत एका कुटुंबाला जितकी कामे असतात त्यांत फार सोप्यापासून फार कसबी कामांपर्यंत सलग पायऱ्या असतात: रोपांच्या मुठी बांधणे, त्या बांधावरून चिखलात पोहोचवणे, लावणीची ओळ धरणे, पाणी वळवणे. ज्याला ओळ धरता येत नाही तो मुठी पोहोचवतो, आणि त्याच्या हातच्या मुठी आल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. एवढी नैसर्गिक रचना कोणत्याही अभ्यासक्रमाला साधलेली नाही. पण यावरून जुने गाव दयाळू होते असा निष्कर्ष काढणे पुराव्याला धरून नाही. मुळात पुरावाच तुटपुंजा आहे. ब्रिटिशांच्या जनगणनांनी १८८१ ते १९३१ या काळात वेडे, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी मोजले. बौद्धिक अक्षमतेला स्वतंत्र रकाना मिळून ती मनोविकारापासून वेगळी मोजली गेली ती थेट २०११ मध्ये. ज्यांची नोंदच नाही त्यांच्यातले किती मुठी पोहोचवत होते आणि किती गोठ्याच्या खांबाला बांधलेले होते, हे आज कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. ज्याला साधेच काम जमते त्याला जन्मभर तेच काम आणि त्याबद्दल फक्त भाकरी, हाही गावाचाच रिवाज होता. म्हणून गावाकडून घ्यायची ती कामाची रचना. मुलाला पुढची पायरी मुद्दाम शिकवण्याची सवय घ्यायची ती शाळेकडून. कोळवणचे महत्त्व असे की तिथे या दोन्ही गोष्टी एका जागी आल्या.

आणि आता ती कामाची रचनाही सरते आहे. मुळशीच्याच पूर्व टोकाला, सूस आणि लवळ्याच्या शेजारी, मुळा नदीच्या काठचे नांदे हे त्याचे ढळढळीत उदाहरण. पलीकडे माण-हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी, अलीकडे लवळ्यात विद्यापीठाचे आवार. शेजारचे सूस आणि म्हाळुंगे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. नांद्यात भाताच्या आणि उसाच्या वावरांच्या जागी गृहसंकुले उभी राहत आहेत. इथे वाढणाऱ्या मुलाला, मग ते मूळ गावकऱ्याचे असो की नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाचे, समाज म्हणून जे भेटते ते म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, लिफ्ट, वाण्याऐवजी मोबाइलवरून मागवलेले सामान आणि कंपनीची गाडी. पैसे मोजणे हे कौशल्यच बदलले आहे. दुकानात नोटेऐवजी चौकटीचे चित्र टिपायचे, आकडा दाबायचा, गुप्त अंक घालायचा आणि पेटीतून रक्कम जमा झाल्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे. काही मुलांना हे नाण्यांपेक्षा सोपे जाईल, कारण सुट्ट्या रुपयाचा आणि चॉकलेटचा घोळ उरत नाही. पण एक शून्य जास्त पडले तर? आणि गुप्त अंक कोणाला सांगायचा नाही हे कसे शिकवायचे, जेव्हा मदत करणाऱ्यावर विश्वास ठेवायलाच आपण त्याला आजवर शिकवत आलो? या प्रश्नांची उत्तरे जुन्या ३६० कौशल्यांत नाहीत. ती नांद्यासारख्या ठिकाणीच, तिथल्या दुकानांत आणि तिथल्या फाटकांवर शोधावी लागतील. राज्य सरकारने जय वकील संस्थेचा ‘दिशा’ अभ्यासक्रम मतिमंद मुलांच्या शाळांत नेण्याचे काम हाती घेतले आहे, हे स्वागतार्ह आहे. त्याचे यश मात्र वर्गातल्या तासांवरून ठरणार नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप पालकांचा असतो आणि तो सगळ्यात जड आहे. रस्त्यावर गाडी येईल, कोणी फसवेल, मुलीच्या बाबतीत त्याहून भयंकर काही घडेल. ही भीती खरी आहे, तिला समजूत घालून गप्प करता येत नाही. पण भिंतीच्या आत धोका नसतो हे कोणत्या इतिहासावरून ठरले? बालगृहांतल्या अत्याचारांची प्रकरणे आपल्या राज्यात न्यायालयांपर्यंत गेलेली आहेत. आणि नको असलेल्या स्पर्शाला ‘नाही’ म्हणायला, ओळखीचा आणि अनोळखी यांत फरक करायला, हरवल्यावर कोणाकडे जायचे ते ठरवायला मूल शिकते ते माणसांतच. सगळे ओळखीचेच असतील अशा आवारात अनोळखी माणूस म्हणजे काय हे दाखवताच येत नाही. शिवाय दहा दुकानदार, दोन रिक्षावाले आणि एसटीचा वाहक ज्याला नावाने ओळखतात तो मुलगा अधिक सुरक्षित, की ज्याला आई-वडील आणि शाळेची गाडी एवढेच ओळखते तो? एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. त्या सवलतीचे ओळखपत्र वाहकापुढे स्वतः धरायला आणि उतरायच्या थांब्याचे नाव सांगायला शिकलेला तरुण रोजच्या फेरीत वाहकाच्याही ओळखीचा होतो.

दुसरा आक्षेप अधिकारांच्या बाजूने येतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सर्वसमावेशक शिक्षणाचा हक्क दिला, मग या मुलांना चहा करायला आणि भाजी निवडायला शिकवत बसणे म्हणजे त्यांच्याकडून कमी अपेक्षा ठेवणे नव्हे का? या शंकेमागचा राग मला पटतो, कारण ‘याला कुठे वाचता येणार’ असे म्हणत अनेकांच्या हातून पुस्तक काढून घेतले गेले आहे. पण हाताच्या कामाला खालच्या दर्जाचे मानण्याची खोड जुनी आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, सगळ्याच मुलांनी कामातून शिकावे म्हणून. शहरी पालकांनी ती आपल्या मुलांसाठी कधी मनापासून घेतली नाही, कारण कामातून शिकणे हे गरिबांचे, असे त्यांना वाटले. विशेष मुलाला चहा शिकवणे कमीपणाचे वाटते त्यामागे हीच खोड असते. दुकानाची पाटी, बसचा फलक आणि औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचता येणे हे वाचनच आहे, आणि ते बाकीच्या वाचनाच्या आड येत नाही. ज्यांची अक्षमता तीव्र आहे, जे बोलत नाहीत, त्यांचे काय, असेही विचारले जाते. त्यांच्यासाठी कौशल्याची पायरी लहान होईल: दोन फळांपैकी हवे ते बोटाने दाखवणे, एवढीच. तीही भाजीवाल्यासमोर केली तर भाजीवाल्याला कळते की या माणसाला स्वतःची आवड आहे.

कायद्याची सगळ्यात मोठी त्रुटी वयाची आहे. मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयाचा; बालगृहातूनही १८ पूर्ण झाल्यावर बाहेर पडावे लागते. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे बेवारस विशेष मुलांना वाढवणारे, २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेले शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षे सरकारला हेच विचारत आले आहेत की अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी या मुलांनी जायचे कुठे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती दिली. पण पालकाची सही मिळाल्याने दिवस भरत नाही. दिवस भरायला ओळखीची माणसे, ठरलेले काम आणि जायला-यायला जागा लागते, आणि ती अठराव्या वर्षी एकदम उगवत नाही. दहाव्या वर्षापासून मूल ज्या दुकानात जात आले आहे त्याच दुकानात ते विसाव्या वर्षी वजनाचे पुडे बांधायला बसू शकते. जी मुले शाळेच्या गाडीतून शाळेत आणि शाळेच्या गाडीतून घरी एवढीच फिरली, त्यांची शाळा संपली की गाव त्यांना अनोळखी असते आणि ती गावाला.

हे करायला नांद्यासारख्या गावाकडे पैसा नाही असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे, आणि गृहसंकुलांच्या घरपट्टीने अशा गावांचे स्वउत्पन्न वाढतच चालले आहे. हा निधी बहुतेक ठिकाणी समान वाटून खात्यावर टाकला जातो किंवा त्याच्या वस्तू घेतल्या जातात. त्याचा काही भाग एका फिरत्या विशेष शिक्षकाच्या मानधनाला लावता येईल. तो आठवड्यातले ठरलेले दिवस नांदे, चांदे आणि लवळे यांच्या दुकानांत, दवाखान्यांत, टपाल कार्यालयात आणि बसथांब्यांवर मुलांबरोबर उभा राहील आणि दुकानदारांना व फाटकावरच्या पहारेकऱ्यांना तासाभराचे प्रशिक्षण देईल. कोळवणला विशेष मित्रांबरोबर वर्षानुवर्षे राहिलेली माणसे त्याला शिकवायला याच तालुक्यात आहेत. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. दिव्यांगांच्या पालकांनी खर्चाचा आराखडा आणि मुलांची नावे घेऊन तिथे बसावे लागते.